वास आणि वस्ती

मराठी भाषेंत 'वास' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक गंध, आणि दुसरा राहणें. व्युत्पत्तिशास्त्रज्ञ हे दोन शब्द निरनिराळ्या धातूंपासून निघाले आहेत असें सांगतील, आणि तें बरोबरच आहे. परंतु बोलणारांनीं ते एकाच उच्चारांत नांदविले, आणि त्यांत अनुभवाचा कांहींच अंश नाहीं असें म्हणवत नाहीं. डोळे बांधून एखाद्यास त्याच्या जुन्या घरांत नेऊन सोडलें, तर तो तें घर बहुधा नाकानेंच ओळखील. असें असतां वास्तु आणि नगरें यांचीं जीं वर्णनें आमच्या इतिहासग्रंथांत आढळतात, तीं बहुतेक डोळ्यांनीं लिहिलेलीं असतात. तटाची उंची, चौकांची संख्या, खांबांवरील नक्षी हें सर्व तेथें मिळतें. त्या चौकांत कशाचा वास येत असे आणि तो यावा किंवा येऊं नये म्हणून बांधणारानें काय केलें, याचा उल्लेख क्वचितच सांपडतो. फ्रान्समध्यें आलँ कोर्बँ या इतिहासकारानें १९८२ सालीं दुर्गंध व सुगंध यांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहून या उणिवेकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. आमच्याकडे या विषयाची सामग्री कमी नाहीं, आणि त्या सामग्रींतून निघणारा प्रश्न तर आम्हांस अधिकच जवळचा आहे. तो प्रश्न असा कीं, वस्तीची रचना करतांना आम्हीं वास दूर केला, कीं वासाच्या निमित्तानें माणसें दूर केलीं?

प्राचीनांनीं घ्राणेंद्रियाची उपेक्षा केली होती असें मुळींच नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येचा जो अध्याय आहे, त्यांत घर बांधण्यापूर्वीं जमिनीची परीक्षा रंग व चव यांबरोबर वासावरूनही करावी असें सांगितलें आहे. तुपासारखा वास येणारी भूमि ब्राह्मणास, रक्तासारखा येणारी क्षत्रियास, अन्नासारखा येणारी वैश्यास आणि मद्यासारखा येणारी शूद्रास योग्य, असा तेथील निर्णय आहे. त्याच ग्रंथांत गंधयुक्तीचा एक स्वतंत्र अध्याय आहे. सोळा सुगंधी द्रव्यांतून चार चार निवडल्यास १,८२० मिश्रणें होतात, हें गणित त्यांत आढळतें, आणि आजचा गणिताचा विद्यार्थीही तें ताडून पाहूं शकेल. गंधाची इतक्या सूक्ष्मपणें मोजदाद करणारी बुद्धि आणि गंधावरून माणसांची प्रतवारी लावणारी बुद्धि एकाच ग्रंथांत शेजारीं शेजारीं बसलेली पाहून आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं. पुढील सर्व इतिहासाचें बीज मात्र त्यांत दिसतें.

आमच्या प्रांताच्या अधिक जवळ यावयाचें तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास घ्यावा. या राजाची कारकीर्द ११२६ ते ११३८ अशी आहे. त्यानें राजाच्या उपभोगांची जी गणना केली आहे, तींत गृह, विलेपन आणि धूप यांस स्वतंत्र स्थान दिलें आहे. म्हणजे राहण्याची जागा आणि तेथील गंध हीं दोन्हीं त्याच्या लेखीं एकाच सुखाचीं अंगें होतीं. याही पलीकडे, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेंतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं गंधसार आणि गंधवाद हे दोन संस्कृत ग्रंथ अभ्यासकांपुढें आणले. त्यांपैकीं गंधवादावर मराठी टीका आहे. धूप, तेलें, उटणीं यांची कृति मराठींत समजावून सांगण्याची गरज कोणास तरी वाटली होती, यावरून ही विद्या केवळ राजवाड्यापुरती नव्हती असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

ग्रंथांतून घराकडे वळलें म्हणजे ही विद्या अधिक सहज रूपांत दिसते. जुन्या वाड्याचा क्रम पाहावा. पुढें ओसरी, मग चौक, मग माजघर, देवघर व स्वयंपाकघर, त्यापुढें परसूं, विहीर व गोठा, आणि सर्वांत शेवटीं शौचकूप. हा क्रम सोवळ्याओवळ्याचा आहे असें सांगतात, आणि तो तसा आहेच. परंतु तो वासांचाही क्रम आहे. चौक आकाशास मोकळा असल्यामुळें चुलीचा धूर व फोडणीचा खाट वर निघून जातो. जमीन शेणानें सारवलेली असते, आणि ओल्या सारवणाचा वास हाच घर नुकतें स्वच्छ झाल्याचा निरोप असतो. देवळाच्या गाभाऱ्यांत याच्या उलट युक्ति योजलेली दिसते. तेथें दार एक, खिडकी नाहीं, जागा लहान. त्यामुळें कापूर, तेल, चंदन व फुलें यांचा वास वर्षानुवर्षे दगडांत मुरत जातो. आंत शिरणारास मूर्ति दिसण्यापूर्वीं देवाचें सान्निध्य नाकास कळतें. घरानें वास बाहेर घालवावा आणि गाभाऱ्यानें तो राखावा, हा भेद आमच्या गवंड्यांस कोणत्याही शाळेंत न जातां ठाऊक होता.

वऱ्हाड-नागपूर प्रांतांतील मनुष्यास या बाबतींत आणखी एक उदाहरण सुचल्याशिवाय राहणार नाहीं. तें म्हणजे वाळ्याच्या ताट्यांचें. वर्धा जिल्ह्यांत वैशाखाचें ऊन काय असतें तें येथें राहिलेल्यांस सांगावयास नको. दारास वाळ्याच्या मुळ्यांची ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडीत राहिलें, म्हणजे आंत येणारा वारा थंड तर होतोच, पण सुगंधीही होतो. अबुल फझलानें आईन-इ-अकबरींत या युक्तीचें श्रेय अकबर बादशहास दिलें आहे. पाण्याच्या बाष्पीभवनानें हवा थंड होते हें शास्त्रीय कारण झालें. परंतु गवताची कोणतीही ताटी ओली केली असतां थंडावा मिळालाच असता. वाळाच निवडला गेला, याचें कारण गारव्याची जाणीव नाकावाटेंही होते हें जुन्या लोकांनीं हेरलें होतें. खोली जेवढी थंड असेल त्याहून ती अधिक थंड वाटावी, ही योजना गंधानें केलेली आहे, आणि वास्तुरचनेंत गंधाचा हेतुपूर्वक उपयोग म्हणतात तो हाच.

दुर्गंधाच्या निवारणाचाही विचार झालेला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत, गडावरील केरकचऱ्यासंबंधीं स्पष्ट आज्ञा आहे. केर गडाखालीं लोटून देऊं नये, तो जागोजागीं जाळावा, आणि ती राख परसांत टाकून भाजीपाला करावा, असा तिचा आशय आहे. या आज्ञेंतील शहाणपण वाचकांनीं लक्षांत घ्यावें. घाण कड्यावरून लोटणें किती सोपें! पण कड्याखालींही कोणी राहतो, आणि लोटलेली घाण नाहींशी होत नसते, हें अमात्यांस कळत होतें. घाणीची जागा बदलण्यापेक्षां तिचें रूप बदलावें, हें तत्त्व त्यांनीं तीनशें वर्षांपूर्वीं सांगून ठेविलें.

गडावर जें तत्त्व होतें तें गांवांत कां उतरलें नाहीं, हा खरा प्रश्न आहे. देवळीचें उदाहरण घेऊं. हें गांव वर्ध्याच्या नैर्ऋत्येस, यवतमाळच्या वाटेवर, काळ्या जमिनीच्या मुलुखांत वसलेलें आहे. १८६२ सालीं वर्धा जिल्हा निराळा झाला, १८६६ सालीं पालकवाडीच्या जागीं वर्धा शहर वसविण्यांत आलें, आणि लगेच पुढच्या वर्षीं, १८६७ सालीं, देवळीस नगरपालिका मिळाली. १९०१ च्या खानेसुमारींत या गांवची वस्ती पांच हजारांवर होती. कापूस आणि गुरें हीं येथील बाजाराचीं दोन अंगें. असल्या गांवाचा नकाशा नाकानें काढावयाचा झाला तर तो कठीण नाहीं. एकीकडे सरकी व तेलघाणी, एकीकडे गुरांचा बाजार व ओल्या शेणाचे ढीग, मध्यें मिरणनाथाच्या देवस्थानाचा धूप-कापूर, आणि पहिल्या सरीबरोबर सर्वांवर पसरणारा काळ्या मातीचा मृद्गंध. या गंधास १९६४ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोन शास्त्रज्ञांनीं एक ग्रीक नांव दिलें. कनोजचे अत्तारी मात्र तो त्यापूर्वींच कुपींत भरून विकीत होते. या नकाशाला शेवटीं एक कड येते. जेथें मेलेलें जनावर ओढून नेतात, जेथें कातडें कमावितात, जेथें सर्व गांव पहांटे जातें आणि जीस आमच्याकडे गोदरी म्हणतात, ती कड. त्या कडेवर, तिच्या लगत, कांहीं माणसांचीं घरें पिढ्यान्‌पिढ्या होतीं. हें केवळ देवळीचें नव्हे, महाराष्ट्रांतील गांवोगांवचें चित्र आहे.

या व्यवस्थेचें समर्थन करणारे म्हणतात कीं, ती आरोग्याची होती. कातडें कमाविण्याचा धंदा दुर्गंधीचा, म्हणून तो गांवाबाहेर असावा आणि करणारेही तेथेंच असावेत, यांत अन्याय कोणता? हें समर्थन वरवर पटण्यासारखें आहे, म्हणून तें तपासून पाहिलें पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत दुर्गनिवेशाचा जो अध्याय आहे त्यांत गंध व माळा विकणारे पूर्वेस क्षत्रियांबरोबर, शिजविलेलें अन्न, मद्य व मांस विकणारे दक्षिणेस, आणि कातडें व लोकर यांचें काम करणारे पश्चिमेस शूद्रांबरोबर वसवावेत असें सांगितलें आहे. चांडाळांस तर स्मशानाच्या कडेस. आतां दुर्गंधी हेंच जर या वांटणीचें कारण असेल, तर ती वाऱ्यास अनुसरून असली पाहिजे. आमच्या मुलुखांत पावसाळ्याचा वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. पश्चिमेस बसविलेल्या कातडी कामाचा वास तो वारा ऐन ओलाव्याच्या दिवसांत, म्हणजे वास सर्वांत अधिक असतो तेव्हां, शहरभर घेऊन येईल! हिवाळ्यांत वारा उत्तर-ईशान्येकडून वाहूं लागतो. म्हणजे वर्षभर वाऱ्याखालीं राहील अशी एकही दिशा नाहीं. वारा वर्षांतून दोनदां फिरतो. वस्ती हजार वर्षें फिरली नाहीं. यावरून दिशा ठरविणारें कारण नाकांत नव्हतें, तें वर्णांत होतें, असें म्हणणें प्राप्त आहे. दुर्गंध हें निमित्त मागाहून जोडलेलें आहे.

आणखी एक गोष्ट. तोच कौटिल्य रस्त्यावर कचरा टाकणारास पणाचा अष्टमांश आणि मेलेलें मांजर, कुत्रें, मुंगूस किंवा साप शहरांत टाकणारास तीन पण दंड सांगतो. म्हणजे घाण करणारा आणि घाण काढणारा हे दोघे निराळे आहेत, आणि दोष करणाऱ्याचा आहे, हें त्यास समजत होतें. पुढें व्यवहारांत हें उलटलें. करणाऱ्याचा दंड विसरला गेला, आणि काढणाऱ्याच्या अंगास वास कायमचा चिकटविण्यांत आला. शहरांतील घरामागच्या ज्या अरुंद वाटेनें तो शौचकुपापर्यंत येई, त्या वाटेसही त्याच्या जातीचें नांव पडलें. वाड्याच्या दर्शनी दाराशीं त्याचा संबंध नाहीं, अशी ती वास्तुरचनाच होती.

आधुनिक शरीरशास्त्र या ठिकाणीं आमच्या साह्यास येतें. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनीं १९९१ सालीं गंधग्राहकांचा शोध प्रसिद्ध केला आणि त्याबद्दल त्यांस २००४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या नाकांत असे सुमारें चारशें प्रकारचे ग्राहक आहेत, आणि त्यांची वार्ता मेंदूच्या ज्या भागांत स्मृति व भावना वसतात तेथें फारच जवळच्या वाटेनें पोंचते. म्हणून वासानें उठणारी किळस विचारापूर्वीं येते आणि युक्तिवादास दाद देत नाहीं. त्याचबरोबर कोणत्या वासाची किळस मानावी हें पुष्कळ अंशीं शिकविलेलें असतें, आणि सतत येणारा वास नाकास थोड्याच वेळांत जाणवेनासा होतो. आपल्या घरचा वास आपणांस येत नाहीं. येतो तो शेजाऱ्याच्या घरचा. अशा इंद्रियाच्या साक्षीवरून माणसांचा न्याय करणें किती धोक्याचें आहे हें निराळें सांगावयास नको.

इंग्रजी अमलांत नाकास शास्त्राचें पाठबळ मिळालें, पण तें शास्त्रच चुकीचें होतें. रोग दूषित हवेंतून, म्हणजे दुर्गंधींतून उत्पन्न होतो, हें मत तेव्हां विलायतेंत प्रबळ होतें. एड्विन चॅड्विक तर दुर्गंध म्हणजेच रोग असें प्रतिपादीत असे. त्याच्या भरांत लंडनची घाण घरांतून काढून थेम्स नदींत लोटण्यांत आली, आणि तेंच पाणी लोक प्यालें. १८५८ च्या उन्हाळ्यांत नदीची घाण पार्लमेंटच्या खिडक्यांतून आंत शिरली, तेव्हां मोठ्या गटारांची योजना तातडीनें मंजूर झाली. कारण चुकीचें, पण काम बरोबर, असा हा प्रकार झाला. मुंबईंत १८९६ सालीं ग्रंथिज्वर आला. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्तींतून हवेसाठीं रुंद रस्ते काढण्याचें काम सुरू झालें. त्याच वर्षीं सिमाँ यानें हा रोग उंदरांवरील पिसवांमुळें पसरतो हें दाखविलें होतें. परंतु रस्ते होतच राहिले. त्या रस्त्यांनीं शहर सुधारलें यांत शंका नाहीं. ज्यांचीं घरें पाडलीं त्यांपैकीं पुष्कळांस मात्र नवीं मिळालीं नाहींत, आणि ते शेजारच्या तितक्याच दाट चाळींत जाऊन राहिले. येथेंही वास काढण्याच्या नांवाखालीं माणसेंच हलविलीं गेलीं.

या परंपरेस छेद देणारा एक विलायती गृहस्थ मराठी राज्यांतच काम करून गेला. पॅट्रिक गेडिस यांनीं होळकरांच्या इंदूर शहराची योजना तयार केली. तिचा अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. घरें पाडण्यापेक्षां पडक्या जागा मोकळ्या कराव्यात, आणि मैल्याचें खत करून बागा फुलवाव्यात, असें त्यांचें म्हणणें होतें. दिवाळींत त्यांनीं शहरांतून मिरवणूक काढविली, आणि तींत सफाई कामगारांस हारतुऱ्यांसह मानाचें स्थान दिलें. तमाशा म्हणून हें कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांस मागल्या बोळांतून यावें लागे, ते त्या दिवशीं राजरस्त्यानें गेले, आणि नगररचनेचा हाही एक भाग आहे हें गेडिस यांनीं ओळखलें होतें.

यानंतरचा मोठा प्रयोग देवळीच्या अगदीं शेजारीं झाला. गांधीजी १९३४ सालीं वर्ध्यास आले आणि १९३६ सालीं शेगांवीं राहावयास गेले. या गांवास १९४० सालीं सेवाग्राम हें नांव मिळालें. त्यापूर्वीं मीराबेन व महादेवभाई यांनीं वर्ध्यालगतच्या सिंदी गांवांत खराटा व बादली घेऊन रस्ते साफ केले होते. गांधीजींचें सफाईशास्त्र पूर या इंग्रज डॉक्टराच्या ग्रंथावर आधारलेलें होतें. मैला नऊ ते बारा इंचांपेक्षां खोल पुरूं नये, कारण मातीच्या वरच्या थरांतील सूक्ष्म जीव त्याचें थोड्या दिवसांत खत करतात, हें त्यांतील सूत्र. मूठभर कोरडी माती टाकली कीं वास थांबतो. येथें अमात्यांची आज्ञा पुन्हां ऐकूं येते. घाण दूर लोटावयाची नाहीं, तिचें रूप बदलावयाचें. आणि याचा वास्तुरचनेवर परिणाम असा कीं, ज्यास वास नाहीं तें दूर बांधण्याची गरज उरत नाहीं. सेवाग्रामच्या बापूकुटींत शौचगृह व न्हाणी राहण्याच्या खोलीस लागूनच आहेत. कुडाच्या व मातीच्या त्या लहानशा घरांत परसाचें शेवटचें टोंक आणि माजघर यांतील अंतर नाहींसें झालें. नालवाडीच्या चर्मालयांत गोपाळराव वाळुंजकर यांनीं मेलेल्या जनावरांचें कातडें कमाविण्याचें काम स्वतः पत्करिलें. विनोबा तर पवनारहून कित्येक महिने रोज सुरगांवीं फावडें घेऊन भंगीकाम करण्यास जात. तिकडे कोंकणांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं खताच्या संडासांचा प्रसार केला, आणि इकडे अमरावतीकडचे गाडगे महाराज हातांत खराटा घेऊन गांवोगांव फिरले.

हा प्रयोग थोर होता यांत संशय नाहीं. परंतु त्याची एक मर्यादा त्याच काळांत एका मोठ्या पुरुषानें दाखविली होती. १९२७ सालीं महाडच्या परिषदेंत डॉ. आंबेडकरांनीं मेलेलीं जनावरें ओढण्याचें काम सोडून देण्याचा उपदेश केला. हें काम पवित्र आहे, तें प्रेमानें करावें, असें उच्चवर्णीय सेवकानें म्हणणें हा त्याग होय. पण ज्याच्यावर तें जन्मानें लादलें आहे त्यास तेंच सांगणें हा त्याग नव्हे. एकानें खराटा हातीं घेणें आणि दुसऱ्यानें तो खालीं ठेवणें, या दोन्हीं कृति एकाच अन्यायावरचीं उत्तरें आहेत. दुसरी कृति अधिक कठीण होती, कारण तिच्यामागें भाकरीचा प्रश्न होता आणि गांवाचा रोष होता. आमच्या मतें इतिहासानें या दोहोंची नोंद शेजारींच केली पाहिजे. मैला हातानें वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदे १९९३ व २०१३ सालीं झाले. तरीही गटारांत उतरून माणसें गुदमरून मरतात, हें वृत्तपत्रें वाचणारास ठाऊक आहे.

आज देवळींत आणि सर्वत्र सिमेंटचीं घरें झालीं आहेत. शौचगृह घरांत आलें, आणि गोदरीची कड पुष्कळ ठिकाणीं पुसली गेली, हा लाभ लहान नाहीं. त्याबरोबर कांहीं गेलेंही आहे. चौक झांकला गेल्यामुळें फोडणीचा खाट पंख्यानें बाहेर काढावा लागतो. सारवणाचा वास गेला आणि त्याच्या जागीं बाटलींतील सुगंध आला, जो घाण काढीत नाहीं, केवळ झांकतो. शिल्पशाळेंतील विद्यार्थ्यास प्रकाश किती यावा व हवा किती खेळावी याचें गणित शिकवितात. कोणता वास राखावा व कोणता दवडावा हेंही त्यास शिकविलें पाहिजे. त्यासाठीं दूर जावयास नको. वाळ्याची ताटी, मोकळा चौक, गाभाऱ्याची बंद भिंत आणि कोरड्या मातीची मूठ हे चार धडे आमच्याच मुलुखांत आहेत.

पण या सर्वांहून महत्त्वाचा धडा निराळा आहे. कोणत्याही नव्या वसाहतीचा, कारखान्याचा किंवा कचऱ्याच्या आगाराचा नकाशा पुढें आला असतां एक प्रश्न अवश्य विचारावा. यांत वास कोठें ठेवला आहे, आणि त्या वासाशेजारीं कोणास ठेवलें आहे? शहराचा कचरा ज्या गांवाच्या शिवारांत जाऊन पडतो, त्या गांवास तो कोणी विचारून दिलेला नसतो. जोंवर या प्रश्नाचें उत्तर 'ज्यांचा आवाज ऐकूं येत नाहीं त्यांस' असें मिळतें, तोंवर आमची नगररचना कितीही आधुनिक दिसली तरी ती कौटिल्याच्या पश्चिम दिशेसच उभी आहे, असें आम्ही समजतों.